पंचाचे दोन ठिपके

रविवार, अठरा जानेवारी एकोणीसशे शहात्तर. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आनंदराव ढोके यांनी पांढऱ्या अ‍ॅम्बॅसडरच्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि आत बसलेल्या माणसाला म्हणाले, "इंजिन बंद कर. किल्ली इकडे दे."

इंजिन बंद झालं. आतला माणूस रविंद्र सोमकुंवर. सात मिनिटांपूर्वी त्यानं एक किलोमीटरची शर्यत त्रेचाळीस सेकंद आणि चार दशांशात जिंकली होती. त्याच्या गळ्यातला झेंडूचा हार अजून सरळही झाला नव्हता.

"सर, पाच मिनिटं तं द्या. लोक फोटो काढून राहिले."

"फोटो नंतर. आधी किल्ली."

रविंद्रनं किल्ली दिली. देताना तो हसला, आणि ते हसणं आनंदरावांना आवडलं नाही. तपासनीस अडवतो तेव्हा ड्रायव्हर एकतर चिडतो, नाहीतर घाबरतो. हसणारा त्यांनी अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

काटोल रोडच्या पुढे युद्धाच्या काळातली एक पडीक धावपट्टी होती. मोटार क्लबची शर्यत दर जानेवारीत तिथंच होई. गाड्या दोन-दोन करून सुटत. अ‍ॅम्बॅसडरच्या या गटाचा नियम एका ओळीचा होता: गाडी जशी कारखान्यातून आली तशीच असली पाहिजे. एक नटसुद्धा बाहेरचा चालत नसे. गाड्या तपासायचं काम अकरा वर्षं आनंदरावांकडे होतं. दहा रकान्यांचा एक छापील कागद असे, खाली त्यांची सही. त्या सहीवर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. तंत्रशाळेत ते मोटार मेकॅनिकचा वर्ग घेत. धम्मदीक्षेच्या वर्षी, छप्पन साली, त्यांनी पहिला पाना हातात घेतला, त्याला आता वीस वर्षं होत आली होती. पाने बदलले, गाड्या बदलल्या, पण ढोके मास्तरांनी लिहिलं म्हणजे तसंच असणार, हे शहरातल्या गॅरेजांत कोणाला सांगावं लागत नव्हतं.

या वर्षी कपाशिवाय आणखी एक गोष्ट पणाला लागली होती. टायर बनवणाऱ्या एका कंपनीचे साहेब पुण्याहून आले होते, आणि या गटात पहिला येणाऱ्याला ते गाड्या तपासण्याच्या चाचणी-पथकात घेऊन जाणार होते. रविंद्र नागपूरच्या महाल भागात भाड्याची टॅक्सी चालवत होता.

तेवढ्यात महादेवराव चरडे गर्दीतून वाट काढत आले. काटोलचे संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या मुलाची गाडी दुसरी आली होती. हातात लेखी हरकतीचा कागद होता.

"काय मास्तर, मी कागद द्यायच्या आधीच धरला का चोर?"

"कागद द्या तुम्ही. चोर कोण ते मी नाही म्हणत."

"आता म्हणणार बी नाही! तुमचाच चेला होय तो. तुमच्याच घरचं खाऊन मोठा झाला."

आसपासचे दोघं-तिघं हसले. आनंदरावांनी कागद घेतला, घड्याळात पाहिलं आणि कोपऱ्यात वेळ लिहिली. एक वाजून सोळा मिनिटं.

महादेवराव खोटं बोलत नव्हते. रविंद्र काटोलजवळच्या खेड्यातला. तंत्रशाळेत शिकताना तीन वर्षं तो आनंदरावांच्याच घरी राहिला होता. त्यांच्या बायकोला, प्रयागबाईंना, तो मावशी म्हणे. आनंदरावांना संशय आला तो मात्र हरकतीमुळे नाही. तो कानातून आला होता.

धावपट्टीवर दोनशे मीटरवर एक चुन्याचा खांब होता. कारखान्यातून आलेली अ‍ॅम्बॅसडर त्या खांबापाशी आली की तिसऱ्या गिअरमध्ये तिचा जीव संपतो. इंजिन ओरडतं, पण पुढे ओढत नाही. ड्रायव्हर झक मारून चौथा टाकतो. सकाळपासून बारा गाड्यांनी त्याच खांबाजवळ गिअर बदलला होता. रविंद्रची गाडी आधी मागे होती. सुटताना ती दम लागल्यासारखी खोकली, दोन वेळा गचके खाल्ले, आणि चरड्यांचा मुलगा दोन गाड्यांच्या अंतरानं पुढे गेला. मग खांब आला. रविंद्रनं गिअर बदलला नाही. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढतच गेला, आणि जिथं तो फाटायला हवा होता तिथं मोकळा झाला. तीनशे मीटरच्या पुढे कुठेतरी त्यानं चौथा टाकला, तोवर शर्यत संपल्यातच जमा होती.

खाली मंद, वर मोकळी. असं इंजिन आपोआप होत नाही. कार्बुरेटरकडून हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा जो फाटा असतो, तो मॅनिफोल्ड, त्याचं पोट कोणीतरी मोठं केलेलं असतं. वर्गात हे शिकवताना आनंदराव महालातल्या गल्लीचं उदाहरण देत. रोज चार रिक्षा जातात तेव्हा गल्ली अरुंदच बरी, सगळे नीट रांगेत, झपझप जातात. पण मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी त्याच गल्लीत श्वास कोंडतो. कंपनी गल्ली बांधते ती रोजच्यासाठी. ती रुंद केली तर मारबत निघून जाईल, पण रोजची रहदारी रेंगाळेल. पेट्रोलचे थेंब रेंगाळतात, नळीच्या भिंतीला बसतात, आणि गाडी सुटताना खोकते.

हे उदाहरण पहिल्या बाकावर बसून ऐकणाऱ्यांत रविंद्र होता.

"बॉनेट उघड," आनंदराव म्हणाले.

मॅनिफोल्ड काढायला पस्तीस मिनिटं लागली. इंजिन तापलेलं होतं, नट बोटांना चटके देत होते. नियमाप्रमाणे पाना रविंद्रच्या हातात आणि डोळे तपासनिसाचे. भोवती दोरी लावून लोकांना मागे सारलं होतं. रविंद्रनं शेवटचा नट काढला, भाग उचलला आणि दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, आनंदरावांच्या हातात ठेवला.

भाग वरून जुनाच दिसत होता. काळपट, तेलकट. पण आनंदरावांचा अंगठा भोकांकडे गेला. बोल्टची भोकं गोल नव्हती. कानशीनं बाहेरच्या अंगाला घासून लांबट केलेली होती. त्यांनी पट्टी लावली. दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर मूळ मापापेक्षा एक अष्टमांश इंच कमी भरलं.

म्हणजे ओतीव नक्कल. मूळ भागच साचा म्हणून वाळूत दाबायचा, आणि पडलेल्या खळग्यात अ‍ॅल्युमिनियम ओतायचं. थंड होताना अ‍ॅल्युमिनियम आक्रसतं, दहा इंचाला साधारण एक अष्टमांश. साचा करणारा ते धरून साचा मोठा करतो. इथं मूळ भागाच्या फाट्यांवर मेणाचे थर चढवून फक्त पोट मोठं केलं होतं, लांबी तशीच राहिली. मग भोकं जुळेनात, म्हणून कानस. आत बोट घातलं तर दोन्ही फाटे पाव इंचानं रुंद.

 त्यांनी भाग उलटा केला.

खालच्या बाजूला, कडेजवळ, दोन ठिपके होते.

नागपूरच्या गॅरेजांतला जुना रिवाज होता. मिस्त्री जो भाग उघडेल त्याच्या खालच्या अंगाला पंचानं, म्हणजे हातोडीनं ठोकायच्या टोकदार सळईनं, आपली खूण करायची. उद्या गिऱ्हाईक भांडायला आलं तर शेवटचा हात कोणाचा ते कळतं. कोणाची फुली, कोणाचा बाण. आनंदरावांची खूण म्हणजे शेजारी-शेजारी दोन ठिपके, डावा जरा खोल, कारण पहिला घाव त्यांच्या हातून नेहमी जोरात बसे. प्रयागबाई म्हणत की या माणसानं घरातल्या परातीवरसुद्धा ठिपके मारले, आपल्यालाच तेवढं सोडलं.

इथंही डावा ठिपका खोल होता. पण कडा बोथट. पंचानं धातू दबतो तेव्हा कड उठते, बोटाला लागते. ही कड उठलेली नव्हती. हे ठिपके कोणी मारले नव्हते, ते वाळूतून उतरले होते. मूळ भागावर होते म्हणून नकलेवर आले.

आनंदरावांनी भाग पुन्हा सुलटा केला. हात सावकाश चालला होता. महादेवराव दोरीपलीकडून मान लांब करून पाहत होते.

"काय मास्तर? काय निघालं?"

"मापं घेऊन राहिलो. अहवाल उद्या अकराला."

त्यांनी भाग गोणपाटाच्या पिशवीत घातला, तोंड तारेनं बांधलं, तारेवर शिशाचं सील दाबलं. रविंद्र जवळच उभा होता. गळ्यातला हार त्यानं काढून मडगार्डवर ठेवला होता.

"सर," तो हळूच म्हणाला, "पूर्ण पाह्यला ना? उलटा करून बी?"

आनंदरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं. दुसरंही काही नव्हतं.

"कुठून आणला?"

"कबाडीबाजारातून."

"कोण्या दुकानातून?"

"तेवढं याद नाही, सर."

क्लबच्या जीपनं त्यांना इंदोऱ्याच्या चौकात सोडलं तेव्हा चार वाजून गेले होते. पिशवी मांडीवर होती. रस्ताभर ते एकाच गोष्टीवर अडले होते. भोकं कानशीनं घासणारा माणूस दोन ठिपके का घासत नाही? दोन मिनिटांचं काम. विसरला असेल. किंवा विसरला नसेल. ठिपके असतील तर तपासनीस भाग बाहेर दाखवणार नाही, कागदावर ‘योग्य’ लिहील आणि गप्प बसेल, असा हिशेब कोणी केला असेल, तर तो कोणाच्या डोक्यातला?

घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या खिळ्याची किल्ली घेतली आणि परसातली शेड उघडली. तिसऱ्या फळीवर, डाव्या हाताला, मॅनिफोल्ड होता. एकोणसत्तर साली एका मोडीत निघालेल्या गाडीचा त्यांनी ठेवून घेतला होता, वर्गात दाखवायला. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून. जागा तीच. सुतळी तीच.

कागद तो नव्हता. त्यांनी घडी उलगडून तारीख वाचली. पंधरा नोव्हेंबर एकोणीसशे पंचाहत्तर. दिवाळीनंतरचा. ऑगस्टपासून त्यांनी हा भाग हलवला नव्हता.

त्यांनी भाग खिडकीपाशी नेला. दोन ठिपक्यांच्या तळाशी काळी भुकटी बसली होती. नखानं खरवडली, बोटांत चोळली. वाळू सुटावी म्हणून ओतशाळेत साच्यावर मारतात ती. फाट्याच्या बेचक्यात मेणाचा एक पिवळट कण होता.

चहाची कपबशी घेऊन प्रयागबाई शेडच्या दारात आल्या.

"अजी, आल्या आल्या काहून शेडमंदी घुसले? शर्यत कोण जिंकलं?"

"रविंद्र."

"बाप्पा! मंग तं पुन्याले जाते पोरगं." त्यांचा चेहरा उजळला आणि नवऱ्याच्या हाताकडे लक्ष जाताच स्थिर झाला. "का झालं?"

"दिवाळीनंतर शेडमध्ये कोण..."

"कोनी नाही."

प्रश्न पुरा झाला नव्हता. प्रयागबाईंनी कपबशी ऐरणीवर ठेवली. थोडा चहा बशीत सांडला.

"किल्ली तं खिळ्यावरच राह्यते," त्या म्हणाल्या. "माही तुमची एकच. कोन येईल?"

"तेच विचारून राहिलो."

"मले काय विचारता! तो पोरगा तीन वर्सं माह्या हातचं जेवला. तुमी त्याले एक चिठ्ठी देल्ली नाही. मागच्या साली कंपनीवाले म्हने, मास्तरची चिठ्ठी आना. तुमी म्हटलं, चिठ्ठीनं नोकरी लागत नसते."

"लागत नसतेच."

"हो. तुमचं सारं कायद्यानं." त्या वळून निघाल्या, आणि दारातून मागे न पाहता म्हणाल्या, "चहा घ्या. थंडा होते."

संध्याकाळी सातच्या सुमाराला आनंदराव बैठकीतल्या टेबलाशी बसले. छापील कागद पुढे ओढला. पहिला रकाना, गाडीचा क्रमांक. दुसरा, इंजिनाचा. मापं त्यांनी चौसष्टांश इंचापर्यंत लिहिली. फाट्यांचा व्यास, भिंतीची जाडी, भोकांचं अंतर, भोकं लांबट केल्याचा उल्लेख. आठव्या रकान्यात लिहिलं: ओतीव नक्कल, कारखान्याची नाही. नवव्यात: गट-नियमाचा भंग. एवढ्यावर रविंद्र बाद होत होता. महादेवरावांच्या पोराला कप मिळत होता. एवढ्यावर सही करता येत होती.

दहावा रकाना होता ‘भागावरील इतर खुणा’.

बहुतेक वर्षी ते तिथं एक आडवी रेघ मारत. टाक हातात तसाच राहिला. रेघ मारली तर ते खोटं आहे असं कोणी म्हणू शकलं नसतं, कारण भाग पिशवीत होता, पिशवी सीलबंद होती, आणि अपात्र ठरलेला भाग पुन्हा कोणी उलटा करून पाहत नसतं. लिहिलं, तर अकरा वर्षांच्या प्रत्येक कागदावर महादेवराव बोट ठेवणार. तुमच्याच शेडचा भाग, तुमचाच चेला, कुलूप तुमचं, आणि माहीत तुम्हाला नाही?

प्रयागबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपाचा आवाज थांबला.

"अजी, पोरगं बाद होत असन तं होऊ द्या, तुमचा कायदा होय," त्या म्हणाल्या. "पन त्या दोन ठिपक्याईचं लिहा लागतेच काय?"

आनंदरावांनी मान वर केली नाही. ठिपक्यांचा शब्द त्यांनी मैदानावर कोणापुढे काढला नव्हता. घरी तर त्यांनी नकलेची पिशवीही उघडली नव्हती. ती टेबलाखाली, पायाशी, सील जसंच्या तसं.

सूप पुन्हा हलू लागलं. खडे ताटलीत पडत राहिले, एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"कोणते ठिपके?" त्यांनी विचारलं.

"तुमी नाही का मारत सगळ्याईवर," प्रयागबाई म्हणाल्या. "अंदाजानं म्हटलं."

सोमवारी सकाळी साडेनऊला आनंदरावांनी शेडला कुलूप लावलं. मूळ मॅनिफोल्ड त्यांनी फळीवर होता तिथंच, त्याच कागदात ठेवला होता. क्लबची समिती पाहायला आली तर जागेवर दिसावा. किल्ली हातात घेऊन ते स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी क्षणभर उभे राहिले. सदऱ्याच्या खिशापर्यंत हात गेला. चुलीपाशी प्रयागबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी वर पाहिलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि किल्ली कधी खिशात गेली नव्हती. आनंदरावांनी ती खिळ्याला अडकवली आणि पिशवी सायकलच्या कॅरिअरला बांधली.

अहवाल दहा वाजून चाळीस मिनिटांनी क्लबच्या कचेरीत पोचला. चिटणीस गणपतराव चष्मा लावून वाचत गेले, आणि शेवटच्या रकान्यापाशी त्यांनी चष्मा काढला. तिथं लिहिलं होतं: तळाशी पंचाचे दोन ठिपके. मूळ भागावरून उतरलेले. ही खूण तपासनिसाची स्वतःची आहे.

"मास्तर, हे काय आहे?"

"जे आहे ते."

"मूळ भाग कुठे आहे, ठाऊक आहे?"

"माझ्या शेडमध्ये. कुलपात. त्यावर ओतशाळेची भुकटी आहे, मेण आहे. कोणी नेला आणि परत आणून ठेवला, ते मला माहीत नाही."

गणपतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेरच्या बाकावर महादेवराव आणि रविंद्र, दोघं दोन टोकांना बसले होते.

"हे मी मानतो," गणपतराव म्हणाले. "पण चरडे मानणार नाहीत. मानावं तरी कशावरून? भुकटी आहे हे दिसलं तर निदान तुम्ही पोराबरोबर मिळून केलं नाही असं म्हणता येईल. करणारा माणूस पुरावा पुसून ठेवतो. तो भाग घेऊन या. समिती तीनला बसते. तोवर हा कागद मी कोणाला दाखवत नाही."

आनंदराव बाहेर आले तेव्हा रविंद्र उभा राहिला.

"सर, लिहिलं काय?"

"लिहिलं."

"सगळं?"

"सगळं."

रविंद्रनं मान खाली घातली. मग विचारलं, "मावशी घरी हाय ना, सर?"

आनंदरावांनी पिशवी कॅरिअरला बांधली. नक्कल त्यांनी कचेरीतच ठेवली होती. सायकल काढली आणि इंदोऱ्याचा रस्ता धरला. उन्हात हँडल गरम झालं होतं. रिकामी पिशवी कॅरिअरला फडफडत होती.

घरी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. दार उघडं होतं. परसात दोरीवर धुणं वाळत होतं, खाली ओलं होतं, आणि त्या ओलीत काळ्या भुकटीचा ओघळ होता. घासलेली परात भिंतीला टेकून उभी होती. तिच्या कडेवर दोन ठिपके लखलखत होते.

शेडचं कुलूप लागलेलं होतं. खिळ्यावर किल्ली नव्हती.

"आले का?" आतून प्रयागबाईंचा आवाज आला. "हातपाय धुवा. ताट वाढलं."